भोंग्यावरचं मिठाचं पाणी

सप्टेंबरातला तिसरा शनिवार, सकाळची शाळा. हजर: नववीचे बावीस (पटावर सव्वीस, तिघं सोयाबीनच्या कामाला, एकीला ताप), मी, संगणक खोलीची किल्ली सांभाळणारे शिपाईमामा आणि पहिली दहा मिनिटं मुख्याध्यापक. संगणक दहा, चालू सहा. लाइट होती.

माझ्या वहीत त्या दिवसाची नोंद अशी सुरू होते. मी विज्ञान शिकवते, राहते अमरावतीला. बडनेऱ्याहून मूर्तिजापूरपर्यंत गाडी, तिथे स्टँडवर ठेवलेली स्कूटी, आणि मग अकरा किलोमीटर काळ्या मातीतला रस्ता. गाडीतला वेळ वही लिहायला पुरतो. काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, असे तीन रकाने मी वीस वर्षं आखते आहे. त्यामुळेच बहुधा शाळेत नवीन काही आलं की ते माझ्याकडे येतं. या वर्षी आलं ते असं: लिहिणारं, बोलणारं, चित्रं काढणारं यंत्र वापरून मुलांनी स्वतः काहीतरी तयार करायचं. मजकूर, ऑडिओ, काहीही. खातं माझ्या नावावर, टंकायचं मुलांनी, मी मागे उभी.

पहिल्या दिवशी मी मुलांना म्हटलं, आपल्या गावाबद्दल लिहायला सांगा. यंत्रानं अर्ध्या मिनिटात लिहून दिलं. गाव डोंगराच्या कुशीत वसलेलं होतं. खळाळत्या नदीकाठी पुरातन मंदिर होतं, सकाळी धुकं उतरत होतं.

"मॅडम, डोंगर कोठी हाये?" मागून एकानं विचारलं.

"पेट्रोल पंपामागं मुरमाचा ढीग हाये ना बे, थोच असन," दुसरा म्हणाला.

खोली हसली. मलाही हसू आलं, पण त्याहून जास्त कुतूहल वाटलं. हे डोंगर त्यानं कुठून आणले? मुलांनी तर्क लढवले. एका मुलीचं म्हणणं बरोबर असावं: गावावर लिहिणारे सगळे डोंगरातले असतील, आपल्यासारख्या सपाट गावांवर कोणी लिहिलंच नसेल, मग त्याला कसं कळणार? मी ते वहीत उतरवलं आणि फळ्यावर नियम लिहिले. काय हवं ते नेमकं सांगा. आपल्याला माहीत असलेलं आधी त्याला द्या. ऐकणारा कोण आहे, त्याला काय पटतं, तेही सांगा. आणि शेवटचा: जे तयार होईल ते गावातल्या तीन माणसांना वाचून दाखवा आणि त्यांच्या सह्या आणा. सहीचा कागद मीच छापला. नाव, काम, 'मजकूर बरोबर आहे', सही.

विषय मुलांनी निवडायचे होते, अट एकच, की गावातल्या एखाद्या खऱ्या माणसाच्या कामी आलं पाहिजे. कोणी एसटीच्या वेळा घेतल्या, कोणी शिष्यवृत्तीचा फॉर्म. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी तास संपल्यावर माझ्याजवळ आली. फारशी बोलणारी नव्हे. अक्षर सुंदर, गृहपाठ वेळेवर.

"मॅडम, माहे बाबा फवारनी करतात. लोकायच्या वावरात, रोजीनं. हातमोजे नाई, मास्क नाई, तोंडाले नुसता दुपट्टा. मांगच्या महिन्यात वावरातच चक्कर आली, उलट्या झाल्या. लिंबाखाली झोपले आन् दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तवापासून मले रातले झोप नाई येत."

"तू सांगितलंस का त्यांना?"

"मी सांगतलं तं म्हनतात, तू अभ्यास कर. मायनं सांगतलं तं म्हनतात, तू सयपाक कर. भोंग्यावरचं मात्र ऐकतात."

भोंगा म्हणजे ग्रामपंचायतीचा. सकाळी सातला त्यावर नळ कधी येणार, रेशन कधी वाटणार, हरवलेली शेळी कोणाची, हे सगळं सांगतात, आणि तिचे बाबा चहाचा कप हातात धरून ते शेवटपर्यंत ऐकतात. तेव्हा तिचा बेत असा, की यंत्राकडून फवारणीवर दोन मिनिटांचा ऑडिओ बनवायचा आणि भोंग्यावर लावायचा. बाबांनी हातमोजे घातले पाहिजेत, बस्स. वर्गातला सगळ्यात चांगला विषय हाच, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं.

पुढच्या शनिवारी यंत्रानं पहिल्यांदा दिलं ते सरकारी परिपत्रकासारखं होतं. बारा मुद्दे, त्यात 'व्यक्तिगत संरक्षक उपकरणे' चार वेळा. तिनं वाचून मान हलवली. "हे सरेलोक बाबाचा चहा थंडा होईन."

मी म्हटलं, "मग बाबा कसे आहेत ते सांग त्याला. काय बोलतात, त्यांना काय पटतं."

ती टंकत बसली. मी एसटीवाल्या गटाकडे गेले, कारण त्यांच्या यंत्रानं आमच्या गावाला रात्री साडेअकराची बस मिळवून दिली होती. परत आले तेव्हा मजकूर तयार होता, आणि खरंच छान होता. 'दादा, पंप पाठीवर घेण्याआधी एक मिनिट थांबा' अशी सुरुवात. औषध कालवताना काठी वापरा, हात घालू नका. वाऱ्याकडे पाठ करा. हातमोजे घाला, हात तुमचे आहेत आणि घर त्या हातांवर चालतं. आणि शेवटाकडे: 'चक्कर आली, मळमळलं, तर तुमच्या अनुभवाप्रमाणे मिठाचं पाणी पाजून उलटी काढा आणि सावलीत विश्रांती घ्या.'

हे मी परतीच्या गाडीत वाचलं. लाल पेन घेऊन वाचलं. एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं, दोन लांब वाक्यं तोडली आणि खाली बरोबरची खूण केली. मी विज्ञान शिकवते हे वर लिहिलंच आहे.

सोमवारी सह्या आल्या. पहिली सही बाबांची. त्यांनी तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं होतं आणि मिठाच्या पाण्यापाशी थांबवून म्हणाले होते, "हे बराबर लिवलं. मशीनलेबी समजते." दुसरी सही शेजारच्या जुन्या शेतकरी आजोबांची. तिसरी कृषी केंद्राच्या दुकानदाराची. त्यानं काउंटरवर बियाण्याच्या पिशव्या मोजता मोजता सही केली, म्हणाला, "मॅडमनं धाडलं म्हनजे वाचाचं काय त्यात?"

आवाज कोणाचा, हाही प्रश्न निघाला. मी म्हटलं, तुझ्या आवाजात कर. ती म्हणाली, "माहा आवाज आयकला तं बाबा म्हनतीन, पोट्टी शायनी झाली." म्हणून यंत्रातला एक पुरुषी, बातम्या देणाऱ्यासारखा आवाज निवडला. सरपंचांनी होकार दिला. गुरुवारी सकाळी सातला, नळाच्या सूचनेनंतर, गावभर वाजला.

साडेसातला मी बडनेऱ्याच्या फलाटावर असताना फोन आला. आमच्या गावच्या आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टर. लसीकरणाला अंगणवाडीत बसल्या होत्या, भोंगा डोक्यावरच.

"मॅडम, ते मिठाच्या पाण्याचं कोणी घातलं त्यात?"

"यंत्रानं," मी म्हटलं. "का?"

"बेशुद्धीकडं चाललेल्या माणसाला उलटी काढायला लावली तर ते औषध छातीत जातं. काही औषधं वर येतानाही जाळतात. आणि भरमसाट मीठ पाजलं तर त्याचा धोका वेगळाच. कपडे काढायचे, साबणानं अंग धुवायचं, औषधाची बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठायचा. दरवर्षी मी हेच सांगत फिरते. आज तुमच्या भोंग्यानं उलटं सांगितलं."

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माफी राहू द्या, उद्या सकाळच्या आत दुरुस्त करा." आणि वर, "माझी सही काहून नाही घेतली?" खरंच काहून? कागदावर मी 'तीन माणसं' लिहिलं होतं. कोणती तीन, ते लिहिलं नव्हतं.

शाळेत पोचले तर बातमी माझ्या आधी पोचलेली. ती मुलगी बाकावर खाली मान घालून. मी तिला संगणकाशी नेलं आणि त्या दिवसाचं संभाषण वर सरकवत गेले. यंत्राला ही अक्कल कोणी शिकवली, हे मला बघायचं होतं. सापडलं. तिनं टंकलेलं होतं: 'माझे बाबा फवारणी करतात. वय बेचाळीस. ते म्हणतात, चक्कर आली की मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची, मग माणूस मोकळा होतो. त्यांना पटेल असं लिहा.'

म्हणजे बाबांचं बाबांनाच परत आलं होतं. मधे फक्त आवाज बदलला, आणि बाबांनी त्यावर 'मजकूर बरोबर आहे' म्हणून सही केली. आजोबांचं तरी वेगळं काय होतं? त्यांच्या काळापासून हेच चालत आलेलं. आणि हे सगळं माझ्या तिसऱ्या आणि चौथ्या नियमाप्रमाणे झालं होतं, एकही पायरी न चुकवता.

"मॅडम," ती म्हणाली, "त्यायले तेवढंच आवडलं होतं."

मला तेव्हा एक गोष्ट करून बघावीशी वाटली. सगळ्या वर्गाला गोळा केलं, कोरं संभाषण उघडलं, तोच मजकूर त्यात टाकला आणि खाली एकाला लिहायला लावलं: 'यात जिवाला धोका होईल अशी काही चूक आहे का?' यंत्रानं पहिल्याच ओळीत मिठाचं पाणी पकडलं. सिस्टरांनी सांगितलं होतं ते जवळजवळ सगळं लिहून दिलं.

एकजण म्हणाला, "म्हनजे याले मालूम होतं? मंग पयले काहून नाई बोललं?"

"आपण विचारलं नव्हतं," मी म्हटलं.

"माह्या बुढ्यावानीच हाये हे. इचारल्याबिगर सांगतच नाई."

"आन् समोरचा जे म्हनते त्याले हाव म्हनते," आणखी एक.

एकच यंत्र, एकाच आठवड्यात, दोन उलट गोष्टी तेवढ्याच शांतपणे सांगत होतं, आणि दोन्ही वेळा आपण जसं विचारलं तसंच. माझ्या ओळखीतले काही अधिकारीही असेच आहेत, पण ते वर्गात बोलायचं नव्हतं.

दुरुस्तीचा मजकूर मुलांनी सिस्टरांकडे बसून लिहिला. यंत्राकडून फक्त वाक्यं लहान करून घेतली आणि परत सिस्टरांना वाचून दाखवली. वाद झाला तो आवाजावरून.

"चूक मशीननं केली, तं माफीबी मशीनलेच मागू द्या."

"मशीनले लाज कोठून येते बे?"

ती मुलगी म्हणाली, "मीच बोलतो." माझ्याकडे बघत नव्हती. "पन बाबा भोंगा आयकता आयकता उठून जातीन."

शुक्रवारी आणि शनिवारी सकाळी सातला तिचा आवाज वाजला. "गुरुवारी या भोंग्यावरून मिठाच्या पाण्याचं सांगितलं होतं. ते चुकीचं होतं. ते मी लिहिलं होतं." पुढे काय करायचं ते, सिस्टरांच्या शब्दांत. एक मिनिट दहा सेकंद. बाबा उठून गेले का, मी विचारलं. नाही गेले. चहा प्यायले, कप ठेवला, पंप घेतला आणि निघाले. हातमोजे नव्हतेच.

सोमवारी मधल्या सुट्टीत ते शाळेत आले. सायकल फाटकाला टेकवून ठेवली. उंच, वाळलेला माणूस, बोटांची पेरं पिवळट. मुलगी नळापाशी बाटली भरत होती, तिथेच थांबली.

"मॅडम, पयले सांगता हे बराबर, मंग सांगता हे चूक. आमी काय समजाचं?"

"भाऊ, पहिलं जे सांगितलं ते तुमचंच होतं. पोरीनं लिहून दिलं, यंत्रानं वाचून दाखवलं."

त्यांनी मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हसावं की रागवावं ते त्यांचं ठरत नव्हतं. "मंग मीच चूक?"

"तुम्ही, तुमचे शेजारी, दुकानदार. आणि मी. मी वाचून खूण केली होती."

"तुमीबी?" हे त्यांना बरं वाटलं असावं. ओट्यावर टेकले. "सिस्टर म्हनते तं असन बराबर. नाई काढत उलटी. पन हे हातमोज्याचं सांगतो तुमाले. नोझल जाम होते. एका पंपाले दोन-तीन खेपा. हातमोजा घालून त्यात तार टाकता येत नाई. मंग तो काढा, तार टाका, तोंडानं फुका, पुन्हा घाला. घामानं आत हात ओला, तो जात नाई आत. कोनाच्या मशीनमंधी लिवलं हाये हे?"

कुठल्याच नव्हतं. तोंडानं फुंकतात, हे तर मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. त्या बारा मुद्द्यांत नव्हतं, सिस्टरांच्या यादीत नव्हतं, आणि रोज घरी बाबांना बघणाऱ्या मुलीनंही लिहिलं नव्हतं, कारण वावरात काय होतं ते तिनं पाहिलं नव्हतं. मी वही काढली. किती लिटरचा पंप, दिवसाला किती पंप, कोणत्या ओळीपासून सुरुवात, पाणी कुठून आणतात, जेवण कुठे, हात कशानं धुता? ते सांगत गेले. दहा मिनिटांत दोन पानं भरली. मधेच म्हणाले, "तुमी तं तलाठ्यावानी लिवून राहिल्या."

"मग काय करू? तुम्ही घालणार नाही म्हणता, आणि पोरीला झोप लागत नाही."

हे मी बोलायला नको होतं, पण बोलून गेले. त्यांनी नळाकडे पाहिलं नाही. दुपट्ट्यानं मान पुसली.

"असं करा," ते म्हणाले. "लिवनं-बिवनं राहू द्या. तुमी या वावरात. हे मोजे, थो मास्क, सारं घाला. दोन पंप मारून दाखवा. पंपात साधं पानी भरतो, औषध नाई. नोझलात माती टाकून जाम करतो, तुमी सोडवून दाखवा. तुमाले जमलं तं मीबी घालतो. पोरीसमोर सांगतो."

"येते," मी म्हटलं.

"कवा?"

"या रविवारी."

मुलीनं बाटलीचं झाकण लावलं आणि वर्गात गेली. संगणक खोलीत त्या दुपारी तिनं काय केलं ते मी नंतर पाहिलं. यंत्राला विचारलं होतं: 'पातळ, घट्ट बसणारे, औषध न झिरपणारे हातमोजे कोणते, ज्यात तार धरता येईल?' आणि त्याखाली, आता न विसरता: 'यात तुझं काय चुकू शकतं?' यंत्रानं नायट्राइल नावाच्या रबराचे हातमोजे सुचवले होते, आणि शेवटी लिहिलं होतं की प्रत्यक्ष काम करणाऱ्यानं घालून बघितल्याशिवाय खात्री देता येणार नाही.

त्या रविवारी अकोल्याला प्रशिक्षण निघालं. विषय हाच, शाळेत यंत्राचा वापर. चाळीस शिक्षक, पंखे चालू, चहा दोनदा. मी प्रश्न विचारला: तपासणाऱ्याचीच समजूत चुकीची असेल तर काय करायचं? प्रशिक्षक म्हणाले, फार छान प्रश्न आहे, पुढच्या सत्रात घेऊ. पुढच्या सत्रात पोस्टर बनवायला शिकवलं. परतताना अकोल्याच्या बाजारातून तसले हातमोजे घेतले, तीन मापांचे. एक जोडी घालून गाडीतच केसातल्या पिनेनं पेनाच्या टोपणातलं भोक साफ करून बघितलं. समोरची बाई सीट बदलून गेली. जमतं, पण पाचव्या मिनिटाला आत घाम येतो.

त्यानंतरच्या रविवारी पाऊस. मग सहामाही परीक्षा, पेपर तपासणी, दिवाळी. मधल्या काळात सहीचा कागद मी बदलला. आता त्यावर तीन सह्या नाहीत, तीन प्रश्न आहेत: यातलं कोणतं वाक्य तुम्हाला नवीन वाटलं, कोणतं आधीच माहीत होतं, आणि जे माहीत होतं ते तुम्हाला कोणी सांगितलं? मुलं कुरकुरतात, कारण आता दुकानदार पिशव्या मोजता मोजता उत्तर देऊ शकत नाही. 'प्रत्यक्ष काम करणारा' हा वेगळा रकाना केला, 'आरोग्य' हा वेगळा. सिस्टर त्यांच्या रकान्यात तारीखही टाकतात.

कपाशीची फवारणी आता उरकली. तूर फुलावर आली आहे, शेंगेवर अळी पडेल, आणखी एक-दोन फवारण्या होतील. ती मुलगी मला काही विचारत नाही. मागच्या सोमवारी फक्त वही तपासायला दिली तेव्हा मागच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, कोणाच्या वावरात कोणत्या दिवशी बाबा जाणार आहेत ते. चार वार, चार शेतं. तिसऱ्यापुढे कंसात 'सकाळी लवकर, मॅडमच्या गाडीच्या वेळेआधी', आणि ते खोडलेलं.

त्या चारांतला एक वार गेला. हातमोजे स्कूटीच्या डिकीत आहेत, मास्कही. सिस्टर सोबत यायला तयार आहेत. पहाटेची गाडी बडनेऱ्याहून पावणेपाचला आहे, ती मी अजून कधी पकडलेली नाही. दोन पंप मारायचे राहिले आहेत.